कर्व्ह्ड मॉनिटर घ्यायचाय? आधी सुतळी आणि खडू आणा

माझं फ्लाइट सिम्युलेटरचं, म्हणजे संगणकावर विमान उडवायचं, टेबल म्हणजे कपाट आणि खिडकी यांच्यामधल्या कोनाड्यात सुताराकडून बसवून घेतलेली प्लायची फळी. लांबी १२५ सेंटिमीटर, खोली ६०. रात्री जेवणं आटोपली की तिच्यावरचा इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग पलंगावर जातो आणि माझं सेसना १७२ लोहगावच्या धावपट्टीवर येऊन उभं राहतं. दिवसभर मी एका आर्किटेक्टकडे ड्राफ्टिंग करतो. मिलिमीटर मोजणं हाच धंदा, आणि तरी पहिला मॉनिटर मोजमाप न घेता मागवला. ४९ इंची, १००० आर (हा बाकाचा आकडा, पुढे सांगतो). फोटोत असा दिसत होता की वाटलं, आता कॉकपिटच घरात येतंय.

आला तो दोघांनी धरून आत आणावा लागला. लांबीत बसला, पण स्टँडचे पाय फळीवर इतके पुढे आले की योकला, म्हणजे विमानाच्या स्टिअरिंगला, जागाच उरली नाही, आणि डावं टोक असं बाहेर आलं की कपाटाचं दार अर्धंच उघडेना. "अहो, माझ्या साड्या आता विमानातून काढायच्या का?" असं विचारलं गेलं. विक्रेत्याने परत घेतला, पण पॅकिंगच्या नावाखाली दोन हजार कापून घेतले. तुमचे ते दोन हजार वाचावेत म्हणून हे लिहितोय.

तर आधी सुतळी. १५०० आर म्हणजे १५०० मिलिमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा, बाकी त्यात काही गूढ नाही. आकडा जितका लहान तितका बाक जास्त. हॉलमधल्या फरशीवर दीड मीटर सुतळीचं एक टोक कुणाला तरी अंगठ्याने दाबून धरायला सांगा (माझ्याकडे मुलगी होती), दुसऱ्या टोकाला खडू बांधून कमान काढा. शिंप्याच्या टेपने त्या कमानीवर ८० सेंटिमीटर मोजा. ही झाली ३४ इंची अल्ट्रावाइडची, म्हणजे जास्त रुंद पडद्याच्या मॉनिटरची, रुंदी. मग तसंच १.८ मीटरने आणि एक मीटरने. आता दोन्ही टोकं जोडणारी सरळ रेघ मारा आणि मध्यभागी कमान तिच्यापासून किती मागे गेलीय ते मोजा. १८०० आरला साधारण साडेचार सेंटिमीटर, १५०० ला पाच-सव्वापाच, १००० आरला आठ. दुकानातल्या फलकांवर यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो, फरशीवर तो चार बोटांत मावतो. पण ४९ इंची १००० आर काढलात, म्हणजे १२० सेंटिमीटरची कमान, तर मधला भाग १७ सेंटिमीटर मागे जातो. माझ्या ६० सेंटिमीटरच्या फळीतले १७ तिथेच गेले होते.

खडू झाला की पुठ्ठा. फ्रिजच्या खोक्यातून ८० बाय ३४ चा तुकडा कापून, वाकवून, टेबलावर पुस्तकांच्या आधाराने चार दिवस उभा ठेवा. खिडकी उघडते का, दार उघडते का, कपबशी कुठे ठेवणार, सगळं त्यात कळतं.

त्या पुठ्ठ्यासमोर बसताना योक क्लॅम्प करूनच बसा. हे फार जण विसरतात. जॉयस्टिकवाला माणूस टेबलाला पोट लावून बसतो; योकवाल्याची खुर्ची मागे सरकते. योक बसवल्यावर माझे डोळे पडद्यापासून ७० सेंटिमीटरवर येतात, त्याआधी ते ५५ वर होते. या अंतरावरच सगळा हिशेब आहे. ७० वरून साध्या २७ इंचीने डोळ्यासमोरचा सुमारे ४६ अंशांचा कोन भरतो, ३४ इंची १५०० आरने ६३, आणि त्या ४९ इंचीने ९४. उंची मात्र तिन्हींची जवळपास सारखीच, ३३-३४ सेंटिमीटर. म्हणजे जास्तीचे पैसे तुम्ही फक्त रुंदीचे मोजता.

म्हणून तुम्ही काय उडवता हे स्वतःला विचारा. मी खिडकीतून बाहेर बघत उडणारा: मुळा-मुठा, खडकवासला, सिंहगडाचा टॉवर. मला रुंदी हवी. ज्याला एअरबस ए३२० चालवायचीय, खाली एमसीडीयूत (विमानाच्या संगणकाच्या कीपॅडवर) आकडे भरायचेत, वर ओव्हरहेड पॅनलची बटणं दाबायचीत, त्याला उंची हवी. त्याने ३२ इंची १६:९ (नेहमीच्या टीव्हीच्या आकाराचा) कर्व्ह्ड घ्यावा, उंची ४० सेंटिमीटर मिळते आणि पैसेही कमी लागतात. हे सांगितलं की लोक नाराज होतात, कारण अल्ट्रावाइड दिसायला भारी दिसतो.

आता बाकाबद्दल थोडं कडू. सिम्युलेटर चित्र काढतो ते सपाट काचेसाठी. आपण ती काच वाकवतो, हे त्याच्या गावीही नसतं. सपाट चित्रात कडेच्या गोष्टी मुळातच ताणलेल्या असतात: सिम्युलेटरमध्ये बघण्याचा कोन (फील्ड ऑफ व्ह्यू) ६३ अंश ठेवला तर अगदी कडेची वस्तू मधल्यापेक्षा जवळपास १.४ पट रुंद दिसते, ९४ अंशांना दुपटीहून जास्त. सपाट पडद्याची कड तिरकी दिसते, त्यात हा ताण थोडा झाकला जातो. बाक दिला की कड तुमच्याकडे तोंड करते आणि ताण उघडा पडतो. त्यामुळे एकाच पडद्यावर उडणाऱ्याला माझा सल्ला १५०० किंवा १८०० आर. १००० आर डोळे मीटरभर अंतरावर ठेवून बघायला छान, पण त्याच्या कडेची गोल घड्याळं अंड्यासारखी होतात. मग बाकाचा फायदा काय? कडेचा मजकूर डोळ्यांपासून जवळपास मधल्याइतक्याच अंतरावर राहतो आणि तिरकं बघितल्यावर रंग उडतात ते कमी होतं. एवढा फायदा मला पुरतो.

दुसरी भानगड क्षितिजाची. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटांनी पुस मॉथ विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणलं. तो मार्ग मी अधूनमधून सेसनाने करतो, आणि मॉनिटर तपासायला त्याहून चांगला मार्ग नाही, कारण अहमदाबाद सुटल्यावर खंबायतच्या आखातावर समुद्राची लांबच लांब रेघ समोर असते. पहिल्यांदा ती रेघ मला दोन्हीकडे खाली झुकलेली दिसली. ऑटोकॅडमध्ये काढून पाहिलं: डोळे रेघेच्या १० सेंटिमीटर वर असतील तर १५०० आरवर, ७० सेंटिमीटरवरून, कडा मधल्यापेक्षा जवळपास ८ मिलिमीटर खाली दिसतात, ४९ इंची १००० आरवर तीन सेंटिमीटरहून जास्त. डोळे आणि रेघ एका पातळीत आले की झोक नाहीसा. कॉकपिटमधून बघताना क्षितिज पडद्याच्या मध्यावर नसतं, बरंच वर असतं, तेव्हा पडद्याचा वरचा तिसरा हिस्सा डोळ्यांच्या रेषेत यायला हवा. त्यासाठी स्टँड वर-खाली होणारा हवा. नुसता मागेपुढे कलणारा स्टँड असेल तर मॉनिटर स्वस्त मिळतोय म्हणून हुरळू नका. आर्म लावणार असाल तर मागे तो जोडायची व्हेसा मापाची, १०० बाय १०० मिलिमीटरची भोकं आहेत ना ते बघा, आणि आर्मची वजन पेलायची क्षमता मॉनिटरच्या वजनापेक्षा चांगली दोन-तीन किलो जास्त ठेवा. बाकामुळे वजन पुढे येतं आणि स्वस्त आर्म हळूहळू मान टाकतो.

पॅनलचं थोडक्यात. कर्व्ह्डमध्ये पडद्याचा प्रकार बहुतेक व्हीए मिळतो. काळा रंग आयपीएस या दुसऱ्या प्रकारापेक्षा कितीतरी गडद, रात्री धावपट्टीचे दिवे छान उठतात. पण सिम्युलेटरमधल्या अंधारात नजर फिरवली की गडद भागांची शाई ओघळल्यासारखी दिसते. मी ती सहन करतो. ओएलईडी या तिसऱ्या प्रकारावर काळा रंग खरा काळा, पण आपला इन्स्ट्रुमेंट पॅनल तासन्‌तास एकाच जागी उजळलेला असतो आणि त्याचा डाग कायमचा बसण्याची भीती. रोज तीन तास एकच विमान उडवणाऱ्याने दोनदा विचार करावा.

हर्ट्‌झच्या (सेकंदाला पडदा किती वेळा चित्र बदलतो त्या) आकड्याला भुलू नका. मायक्रोसॉफ्टचं सिम्युलेटर असो की एक्स-प्लेन १२, मोठ्या विमानतळावर सेकंदाला ३५-४० चौकटी (फ्रेम) मिळाल्या तरी आपण देवाला हात जोडतो. १६५ हर्ट्‌झचं तिथे काय करणार? उपयोगी पडतं ते व्हेरिएबल रिफ्रेश (पडदा आपला वेग चौकटींच्या वेगाशी जुळवून घेतो), म्हणजे फ्रीसिंक किंवा जी-सिंक कम्पॅटिबल. त्यातही खालची मर्यादा बघा: बऱ्याच मॉनिटरवर ती ४८ हर्ट्‌झ असते, आणि आपण नेमके तिच्या खाली असतो. वरचा आकडा खालच्याच्या दुपटीहून चांगला जास्त असेल तर लो फ्रेमरेट कॉम्पेन्सेशन काम करतं, प्रत्येक चौकट दोनदा दाखवून निभावून नेतं. तेवढ्यासाठी १२० च्या पुढचा मॉनिटर घ्यावा, तिथून वरच्यासाठी पैसे घालू नयेत. आणि डिस्प्लेपोर्टची केबलच लावा. जुन्या एचडीएमआय २.० वर ३४४० बाय १४४० साधारण १०० हर्ट्‌झवर अडकतं.

ग्राफिक्स कार्डलाही विचारा. ३४४० बाय १४४० म्हणजे साडेएकोणपन्नास लाख पिक्सेल, ४९ इंचीचे ५१२० बाय १४४० म्हणजे पावणेचौऱ्याहत्तर लाख. फुल एचडीचे पावणेएकवीस लाख कसेबसे ओढणाऱ्या कार्डावर यातलं काहीही लादलंत तर मॉनिटर सुंदर दिसेल आणि विमान उड्या मारेल.

पैशांबद्दल: २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या मॉनिटरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. जुन्या किमतींच्या याद्या बघून मन खट्टू करून घेऊ नका.

मॉनिटर घरी आला की खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढा, पूर्ण पांढरा आणि पूर्ण काळा पडदा लावून पिक्सेल तपासा, मग ट्यूबलाइट लावून बघा. सपाट काचेवर तिचं प्रतिबिंब एका जागी पडतं, वाकलेल्या काचेवर तीच ट्यूब लांबलचक रेघ होऊन मुंबईच्या ऐन फायनल अप्रोचवर आडवी येते. मी शेवटी ट्यूब बंद करून मागच्या भिंतीला टेबललॅम्प लावला.

एक गोष्ट कुठलाच मॉनिटर करणार नाही. लेफ्ट बेसवर, म्हणजे उतरण्यासाठी धावपट्टीकडे शेवटचं डावं वळण घेण्याआधीच्या आडव्या टप्प्यावर, असताना धावपट्टी डाव्या खांद्याकडे असते आणि ६३ अंशांत ती मावत नाही. ९४ मध्येही नाही, अर्धा कोन तर उजवीकडे जातो. त्यासाठी योकवरचं नजर फिरवायचं हॅट बटण, किंवा साधा वेबकॅम आणि ओपनट्रॅक हे डोक्याची हालचाल टिपणारं सॉफ्टवेअर. ओपनट्रॅक फुकट आहे, मान थोडी वळवली की चित्र बरंच वळतं. आधी ते आठवडाभर वापरून बघा. आमच्या मजल्यावरच्या एकाने तेवढं केलं आणि मॉनिटर घेतलाच नाही.