नवी बोअर मारण्याआधी जुनी तपासा : ठाणे जिल्ह्यातील भाजीपाला उत्पादकांसाठी हंगामी सल्ला

भाताची झोडणी आटोपली की मुरबाड, शहापूर आणि भिवंडी तालुक्यांत भेंडी, काकडी, कारली यांची लागवड सुरू होते आणि तेव्हापासून थेट पाऊस पडेपर्यंत सगळा भार बोअरवेलवर येतो. पाणी आटू लागले की मार्च-एप्रिलमध्ये घाईघाईने नवी बोअर मारली जाते, परंतु जुन्या बोअरमध्ये नेमके काय बिघडले होते हे बहुतेक वेळा कोणी पाहिलेलेच नसते. ही पाहणी पिकाला पाण्याची निकड लागण्याआधी, आताच करून घ्यावी.

आपल्याकडचा खडक बेसॉल्ट, म्हणजे काळा पाषाण आहे. त्यात पाणी असते ते वरच्या मुरमात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. ६ इंची बोअरच्या एका फुटात जेमतेम साडेपाच लिटर पाणी मावते. त्यामुळे १०० फूट अधिक खोल जाऊनही भेग लागली नाही, तर हाती येतो तो सुमारे ५५० लिटरचा साठा, जो ३ एचपीचा पंप काही मिनिटांत उपसून टाकतो. पाणी देतात त्या भेगा, नुसती खोली नव्हे.

पंप रात्रभर बंद ठेवावा आणि सकाळी सुतळीला लहान वजन बांधून पाण्याची पातळी मोजावी. मग पंप सुरू करून २०० लिटरचा पिंप किती वेळात भरतो ते घड्याळ लावून पाहावे. दोन मिनिटे लागली तर तासाला ६,००० लिटर पाणी मिळते. दोन्ही आकडे तारखेसह वहीत लिहावेत. पातळी गेल्या वर्षीइतकीच असून धार बारीक झाली असेल, तर दोष बहुधा पंपात किंवा पाइपात असतो. सुरुवातीची पातळी चांगली असूनही पंप लावताच पाणी झपाट्याने खाली जात असेल, तर बोअर गाळाने भरली आहे किंवा भेगा बुजल्या आहेत असे समजावे. मुळातली पातळीच उतरली असेल, तर दुरुस्तीने पाणी वाढणार नाही; लागवडीचे क्षेत्र कमी करून ठिबक वापरणे हाच शहाणपणा आहे.

मुरबाडकडच्या एका भेंडीच्या मळ्यात पंप वर काढला, तेव्हा तिसऱ्या पाइपाच्या आट्यांजवळ गंजून करंगळीएवढे भोक पडलेले दिसले. निम्मे पाणी त्या भोकातून परत बोअरमध्येच पडत होते, आणि मालकाने मात्र नव्या बोअरसाठी गाडी सांगून ठेवली होती. एक पाइप बदलल्यावर धार पूर्ववत झाली. अशी उदाहरणे पाहिली की वाईट वाटते, कारण तो पैसा शेतकऱ्याच्या घामाचा असतो.

पंप बाहेर असतानाच बोअरची खोली पुन्हा मोजावी. मारताना २०० फूट असलेली बोअर १७० फुटांवर लागत असेल, तर तळाशी ३० फूट गाळ साचला आहे. कॉम्प्रेसरने फ्लशिंग करून स्वच्छ पाणी येईपर्यंत हवा सोडावी. तांबडी माती येतच राहिली, तर केसिंग (बोअरच्या वरच्या मऊ भागात माती ढासळू नये म्हणून बसवलेला पाइप) फुटले आहे किंवा मऊ थर ढासळतो आहे, आणि तेथपर्यंत केसिंग वाढवल्याशिवाय पंप सोडू नये. पंप तळापासून १० ते १५ फूट वर ठेवावा, कोरडा चालू नये म्हणून ड्राय रन संरक्षण बसवावे आणि सलग उपशाऐवजी पाणी भरून येईल अशा बेताने दोन पाळ्यांत चालवावा. जास्त एचपीचा पंप लावल्याने भेगांतून येणारे पाणी वाढत नाही.

खाडीलगतच्या गावांत ही शिस्त अधिकच महत्त्वाची आहे, कारण अति उपशाने खारे पाणी आत ओढले जाते. पाणी मचूळ लागू लागले किंवा वाल-घेवड्याच्या पानांच्या कडा करपू लागल्या, तर उपसा लगेच कमी करून पाण्याचा नमुना तपासणीस द्यावा.

केसिंगचे तोंड जमिनीपासून दीड-दोन फूट वर ठेवून भोवती सिमेंटचा ओटा बांधावा, म्हणजे पावसाचे गढूळ पाणी आत उतरणार नाही. कायमची निकामी ठरलेली बोअर तळापासून जमिनीपर्यंत माती, वाळू आणि दगडगोट्यांनी भरून टाकावी. सर्वोच्च न्यायालयाचे २०१० मधील निर्देशही तसेच आहेत. तोवर, एका दिवसाचा प्रश्न असला तरी, तोंडावर पक्के लोखंडी झाकण बसवावे, कारण मळ्यात मुले खेळत असतात.