अमेरिकेतल्या बिस्त्रोत काम करणार असाल तर आधी तारीख वाचायला शिका

हॉटेल मॅनेजमेंट करून जे-वन व्हिसावर (प्रशिक्षणार्थींना मिळतो तो) निघाला असाल, तर ट्रे कसा धरायचा आणि प्लेट कुठल्या बाजूने ठेवायची हे तुम्हाला येतंच. त्यात मी वेळ घालवत नाही. 2018-19 मध्ये मी शिकागोतल्या एका बिस्त्रोत, म्हणजे छोट्या साध्या रेस्टॉरंटात होते. पुढे जेवणाची टेबलं, मागे कॉकटेल लाउंज. बर्गर, स्टेक-फ्राइज, सीझर सॅलड आणि शनिवार-रविवारी ब्रंच. जागा साधी, लोक मोकळे. त्या मोकळेपणामुळेच मी गाफील राहिले.

20 एप्रिल 2019, शनिवारची रात्र. चार मित्रांच्या टेबलवर एकाने मॉस्को म्यूल हे व्होडकाचं कॉकटेल मागितलं. मी वय बघायला कार्ड मागितलं. त्याने दिलेलं ड्रायव्हिंग लायसन्स उभं होतं. इलिनॉयमध्ये 21 पूर्ण नसलेल्यांना, म्हणजे ज्यांना दारू देता येत नाही त्यांना, असं उभं लायसन्स देतात आणि 'अमुक तारखेपर्यंत 21 वर्षांखाली' असं त्यावरच छापलेलं असतं. तारीख होती 05/04/2019. मी वाचलं, पाच एप्रिल. म्हणजे पंधरा दिवसांपूर्वीच एकवीस झाला. ऑर्डर टाकली, तांब्याचा मग टेबलवर गेला. त्याने दोन घोट घेतले असतील, तेवढ्यात मॅनेजर आला, त्याने कार्ड पाहिलं आणि तो तांब्याचा मग उचलून नेला. अमेरिकेत महिना आधी लिहितात. ती चार मे होती. मुलाला एकवीस व्हायला अजून चौदा दिवस होते.

हे नीट समजून घ्या, कारण 'महिना आधी' हे आपल्या सगळ्यांना माहीत असतं. मलाही होतं. तारखेत 23 किंवा 30 असलं की डोळा आपोआप अडखळतो, कारण तेविसावा महिना नसतो. पण दिवस 1 ते 12 च्या आत असला की दोन्ही वाचनं खरी वाटतात आणि डोळा जुन्या सवयीने पुढे जातो. हिशोब करून पाहा: बारा महिन्यांत असे बारा-बारा दिवस, म्हणजे 144. त्यातले 01/01, 02/02 असे बारा सोडले तर 132. वर्षातल्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त तारखा तुम्हाला फसवू शकतात. गर्दीत, अंधाऱ्या लाउंजमध्ये, हातात चार ग्लास असताना त्या फसवतातच.

उलटंही होतं. एखादा भारतीय पाहुणा पासपोर्ट पुढे करतो आणि त्यावर दिवस आधी असतो. अमेरिकन पासपोर्टवर महिना अक्षरांत असतो, तिथे भीती नाही. म्हणून उपाय एकच: कार्ड हातात घ्या, कुठल्या देशाचं आहे ते बघा आणि महिन्याचं नाव तोंडाने म्हणा. आकडा म्हणू नका, 'मे' म्हणा.

इलिनॉयमध्ये 21 खालच्या माणसाला दारू देणं हा गुन्हा आहे, आणि तो फक्त मालकाच्या दारूच्या परवान्यावर येत नाही, देणाऱ्या माणसावरही येऊ शकतो. व्हिसावर असाल तर याचा अर्थ काय, हे मी वेगळं सांगायला नको. महाराष्ट्रात कडक दारूला पंचविशीची अट आहे, पण परमिट रूममध्ये वेटरने कुणाचं कार्ड मागितलेलं मी तरी पाहिलं नाही. ती सवय घरीच ठेवून जा. इलिनॉयमध्ये सर्व्हरला, म्हणजे वेटरला, बॅसेटचं, म्हणजे दारू जबाबदारीने कशी द्यायची याचं, प्रशिक्षण घ्यावं लागतं. मी ते पास झाले होते. सर्टिफिकेट खिशात असूनही हे घडलं.

बाकीचं जमतं, खरंच जमतं. 30 आणि 60 मिलीच्या पेगऐवजी दीड औंस, म्हणजे साधारण 44 मिली, हे आठवड्यात हाताला कळतं. 'अप' म्हणजे गार करून, बर्फाशिवाय. 'नीट' म्हणजे बाटलीतून थेट. किचनमधून 'एटी-सिक्स सॅमन' ओरडलं की सॅमन संपला. शाकाहारी पाहुण्याला सीझर सॅलड सुचवू नका, ड्रेसिंगमध्ये अँचोव्ही मासा असतो. फ्रेंच अनियन सूपही नको, ते बहुधा बीफच्या रश्शात करतात. टिपचं गणित मात्र आधीच विचारा. टिप घेणाऱ्यांच्या किमान पगाराचा अमेरिकेच्या केंद्र सरकारचा दर 1991 पासून तासाला 2.13 डॉलर आहे. इलिनॉय राज्याचा तेव्हा 4.95 होता. भाडं टिपवर निघतं.

एजंटबद्दल माझं मत कडू आहे. लाखो रुपये घेऊन 'हमखास प्लेसमेंट' देणाऱ्याकडे जाऊ नका. जे-वन व्हिसासाठी लागणारा डीएस-2019 फॉर्म एजंट देऊच शकत नाही, तो फॉर्म फक्त अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने मान्यता दिलेली स्पॉन्सर संस्था देते. हॉस्पिटॅलिटीत मुदत जास्तीत जास्त 12 महिन्यांची. प्रशिक्षणाचा आराखडा, डीएस-7002, सही करण्याआधी ओळ न् ओळ वाचा. आणि गुरू शोधायचा तर नावाजलेल्या बारटेंडरमागे धावू नका. त्या चुकीनंतर दोन आठवडे मला फ्लोअरवरून काढून काटे-चमचे नॅपकिनमध्ये गुंडाळायला बसवलं होतं. रडू यायचं. शेजारी लिंबं कापणाऱ्या बारबॅकने, म्हणजे बारटेंडरच्या मदतनिसाने, मला ग्लासं, बाटल्या, कार्डं, सगळं शिकवलं. त्याच्याकडे वेळ होता आणि तो माझ्यावर चिडलेला नव्हता.

मेच्या पहिल्या आठवड्यात माझं सेक्शन, म्हणजे माझ्या वाट्याची टेबलं, परत मिळालं. पहिल्याच टेबलवर चार कार्डं पुढे आली. मी एकेका कार्डावरचा महिना मोठ्याने म्हटला. कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. एकजण म्हणाली, 'हो, सप्टेंबरच,' आणि तिने मार्गारीटा सांगितली.