प्रसूतीची तारीख काढताना या चुका टाळा

नववा लागला की गल्लीतली प्रत्येक काकी विचारते, "डेट कवाची हाय?" मग घरदार त्या एका तारखेवर डोळे लावून बसतं. खरं तर नेमक्या त्याच दिवशी बाळंत होणाऱ्या बायका शंभरात चार-पाच. ३७ आठवडे पूर्ण झाले की पुढच्या महिनाभरात कधीही कळा येऊ शकतात. तरीही तारीख बरोबर निघायला हवी, कारण पुढचे बरेच निर्णय तिच्यावरच ठरतात.

सुरुवातच अनेकींची चुकते. मोजायचं ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. पाळी थांबली त्या किंवा चुकली त्या दिवसापासून नाही. त्यात नऊ महिने सात दिवस मिळवायचे. १० जानेवारीला पाळी आली असेल तर १७ ऑक्टोबर. पण हा हिशेब २८ दिवसांच्या चक्राचा. पाळी ३५ दिवसांनी येत असेल तर तारीख आठवडाभर पुढे, म्हणजे २४ ऑक्टोबर. "नवरात्रात आली होती" एवढंच आठवत असेल, तर त्या वर्षीचं कॅलेंडर काढून बघा. सण दरवर्षी सरकतात. अंगावर पाजताना पाळी न येताच दिवस गेले असतील, तर अंदाज बांधत बसू नका, लवकर सोनोग्राफी करा.

पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी सगळ्यात भरवशाची. त्यात बाळाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजतात आणि त्या काळात सगळी बाळं जवळपास सारख्याच गतीनं वाढतात. नऊ ते तेरा आठवड्यांच्या सोनोग्राफीत पाळीच्या हिशेबाशी सात दिवसांपेक्षा जास्त फरक आला, तर डॉक्टर सोनोग्राफीची तारीख धरतात. एकदा ठरली की ठरली.

इथेच घोळ होतो. आठव्या महिन्यातल्या रिपोर्टवर वेगळी तारीख छापून येते आणि घरात गोंधळ: "पंधरा दिवस पुढं गेली म्हणं!" तारीख पुढे जात नाही. तोवर प्रत्येक बाळाची चण वेगळी झालेली असते आणि मशीन मापावरून अंदाज सांगतं. बाळ लहान दिसत असेल तर त्याची वाढ तपासायची, तारीख बदलायची नाही.

पहिलटकरणी सातव्यात माहेरी येतात. पुण्याहून कागलला, मुंबईहून गडहिंग्लजला. ओटीची साडी आठवणीनं येते, पहिला रिपोर्ट मात्र सासरच्या कपाटात राहतो. मग इथल्या डॉक्टरांना उशिराच्या, कमी भरवशाच्या सोनोग्राफीवर चालावं लागतं. त्या रिपोर्टचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा आणि कागद माता-बाल संरक्षण कार्डात.

मुहूर्त काढून सिझर करायचा हट्ट तर मला अजिबात पटत नाही. तारीख दोन आठवड्यांनी चुकलेली असेल, तर ३८ आठवड्यांचं समजून काढलेलं बाळ ३६ चंच निघतं आणि त्याला श्वासाचा त्रास होऊ शकतो.

तारीख जुलै-ऑगस्टमधली असेल आणि घर कोल्हापूरजवळच्या चिखली-आंबेवाडीसारख्या पंचगंगेच्या पूरपट्ट्यात असेल, तर ३७ वा आठवडा धरूनच शहरात नातेवाइकांकडे या. तारीख उलटली तर "येतील कळा" म्हणून घरी थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि पाणी गेलं, अंगावरून रक्त गेलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर कॅलेंडर न बघता १०८ ला फोन करा.