ओआरएस पाजताना या चुका टाळा (आमच्याकडून झालेल्या धरून)

मे महिना, जळगावचं ऊन, पारा ४५ ला टेकलेला आणि बहिणीच्या ९ महिन्यांच्या पोराला जुलाब. आशाताईंनी ओआरएसचं, म्हणजे जुलाबात पाजायच्या मीठ-साखरेच्या पाण्याचं, पाकीट दिलं, आजीने त्यातलं अर्धं एका पेल्यात कालवलं, म्हणे कडक असलं की लवकर गुण येतो. सगळ्यात मोठी चूक हीच. मोठं पाकीट साधारण २०.५ ग्रॅमचं असतं, ते अख्खं एकदाच १ लिटर पाण्यात टाकायचं, आणि मेडिकलवर ४ ग्रॅमच्या आसपासचं छोटं मिळतं ते २०० मिलीचं, म्हणून आधी पाकिटावर वाचा. पाणी कमी पडलं की मीठ जास्त होतं, रक्तात सोडियम वाढतं, झटकेसुद्धा येऊ शकतात. पातळ केलं तर नीट काम करत नाही. तांब्याच्या अंदाजाने करू नका, लिटरची बाटली स्वच्छ धुवून तीच माप धरा. पाणी उकळून गार केलेलं, वरून साखर-ग्लुकोज काही नाही, आणि २४ तासांनी उरलेलं फेकायचं.

उलटी झाली की लोक बंदच करतात. १० मिनिटं थांबा, मग चमच्या-चमच्याने परत सुरू. २ महिन्यांच्या आतल्या बाळाला दर जुलाबानंतर ५ चमचे, त्यापुढे २ वर्षांपर्यंत पाव ते अर्धा कप. अंगावरचं दूध तर अजिबात तोडू नका, उलट जास्त वेळा पाजा.

टाळू खोल गेली की आमच्याकडे तेल भरतात. अहो, अंगातलं पाणी आटलंय म्हणून ती खोल जाते, तेलाने काय होणार! आणि "दात येताय म्हणून होतंय" म्हणत दोन दिवस घालवू नका.

झिंकची गोळी जुलाब थांबले की डब्यात जाते, आमच्याकडे पण गेली होती. १४ दिवस पूर्ण द्यायची: २ ते ६ महिन्यांना १० मिग्रॅ, पुढे २० मिग्रॅ, चमचाभर आईच्या दुधात विरघळवून. आणि हो, दुकानातला गोड ज्यूसचा डबा म्हणजे ओआरएस नव्हे.

शौचात रक्त, डोळे खोल, पोरगं मलूल, काहीच पीत नाही, लघवी होत नाही, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळू बसते, यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट बघू नका, रात्रीच दवाखाना गाठा, आणि रस्त्याने पितंय तोवर चमचा चालू ठेवा.