पाणी यायच्या आधी: बाहेरची मोठी संस्था आणि गावातली संस्था एकत्र कशा चालतील

सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ४० फुटांवर गेली की इशारा आणि ४५ वर गेली की धोका, हे आमच्याकडं शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती ५७ फुटांच्याही वर गेली, आणि पाणी उतरायला लागलं तसं मुंबई-दिल्लीकडनं मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थांच्या गाड्या गावात यायला लागल्या. मी तेव्हा सांगली जिल्ह्यातल्या पलूस भागात एका छोट्या महिला संस्थेबरोबर काम करत होते, आणि जुलै २०२१ च्या पुरात पण तेच केलं. दोन पुरांत जे शिकले ते इथं लिहितेय, गावातल्या संस्थांसाठी पण आणि बाहेरनं येणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी पण, कारण दोघांची नियत चांगली असून पण काम बिघडतं हे मी डोळ्यानं बघितलंय.

सगळ्यात आधी यादी. मदतीचं काम कुठं अडतं असं मला कुणी विचारलं तर मी पैशावर नाही, यादीवर अडतं असंच सांगेन. पहिल्या पुरात एका गावात एक संस्था टॅबवर लांबलचक फॉर्म घेऊन घरोघर फिरली, दुसऱ्या दिवशी दुसरी, मग तिसरी, प्रश्न तेच, घरात माणसं किती, जनावरं किती, भिंत पडली का. एक आजी चिखल काढता काढता म्हणाल्या, "ताई, आता किती जणास्नी तेच सांगायचं?" आणि एवढं करून शेवटी वाटप झालं ते पंचनाम्याच्या यादीवर, ज्यात घरमालकाचं नाव असतं. भाडेकरू, ऊसतोडीला येऊन इथंच राहिलेली कुटुंबं, पोराच्या घरामागं पत्र्याच्या खोलीत वेगळी चूल मांडून राहणारी विधवा बाई, हे सगळे सुटले.

आता आम्ही काय करतो ते सांगते. मे महिन्यात, पाऊस लांब असतानाच, बचत गटाच्या बायका, अंगणवाडी ताई आणि आशा ताई बसून गल्लीचा नकाशा फरशीवर खडूनं काढतात आणि घरं नाही, चुली मोजतात, म्हणजे वेगळं शिजवून खाणारी कुटुंबं. एका घरात तीन चुली असतील तर तीन नोंदी. चुलीपुढं माणसं किती, तान्हं पोर आहे का, कोण गरोदर आहे, शुगर-बीपीची गोळी कोणाला, चालता न येणारं कोण, म्हशी किती. मग त्याचं चावडी वाचन करायचं, सगळ्यांपुढं, म्हणजे सुटलेलं नाव तिथंच कोणीतरी सांगतं आणि खोटं घुसवलेलं नाव पण तिथंच पकडलं जातं. आजाराचा कॉलम मात्र चावडीवर वाचायचा नाही, तो आशा ताईकडंच ठेवायचा. बाहेरची संस्था आली की तिच्या हातात ही यादी द्यायची आणि सांगायचं, तुम्ही यातली दहा-वीस घरं कुठलीही निवडून तपासा, बरोबर निघाली तर हीच वापरा, नवा सर्व्हे नको. संस्थेच्या अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे की तपासणी जरूर करा, तो तुमचा हक्कच आहे, पण सुरुवात शून्यापासून करू नका. आणि आधार कार्डाचे फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, कितीही घाई असली तरी, ते कुठं कुठं फिरतात ते नंतर थांबवता येत नाही.

दुसरी गोष्ट पैशाची, आणि इथं कायदा नीट समजून घेतला नाही तर मनं दुखावतात. २०१६ ला आपत्तीतल्या मदतीवर इस्तंबूलला झालेल्या जागतिक परिषदेत मोठ्या देणगीदारांनी आणि संस्थांनी ग्रँड बार्गेन नावाचा करार केला, त्यात २०२० पर्यंत निदान २५ टक्के निधी शक्य तितका थेट स्थानिक आणि राष्ट्रीय संस्थांपर्यंत पोचवायचा असं ठरलं होतं. ते जगभराचा हिशेब धरला तर पुरं झालं नाही, आणि आपल्याकडं तर सप्टेंबर २०२० मध्ये एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, बदलला, त्यामुळं परदेशी निधी घेणारी संस्था तो पैसा पुढं दुसऱ्या संस्थेला देऊच शकत नाही, त्या दुसऱ्या संस्थेकडं स्वतःची एफसीआरए नोंदणी असली तरी नाही. शिवाय प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरनं २० वर आली. म्हणून पहिल्याच भेटीत विचारा, हा पैसा परदेशातला आहे का भारतात गोळा केलेला. भारतातल्या देणगीदारांचा किंवा कंपनीच्या सीएसआरचा, म्हणजे सामाजिक कामासाठी काढलेल्या निधीचा, असेल तर लेखी करार करून तुमच्या संस्थेकडं काम येऊ शकतं. परदेशातला असेल तर खरेदी त्यांनीच करायची, बिल त्यांच्या नावावर, आणि काय घ्यायचं, कोणाला आधी द्यायचं हे गावानं ठरवायचं. हे आधी बोललं नाही तर गावातल्या संस्थेला वाटतं आपल्यावर विश्वास नाही, आणि बाहेरच्या संस्थेला वाटतं ही माणसं पैशाच्याच मागं आहेत.

खरेदीबद्दल एवढंच की दुकानदार आधी ठरवा आणि तो पाणी न येणाऱ्या भागातला, विटा-तासगावकडचा ठरवा, कारण मोठ्या पुरात सांगलीची गणपती पेठच पाण्यात जाते. आणि यादीत बिस्किटं आणि पाण्याच्या बाटल्या कमी करा, त्या सगळेच आणतात. पाणी उतरल्यावर लागतात फावडी, घमेली, फिनेल, झाडू, कोरडी गादी, सॅनिटरी पॅड, पोरांची दप्तरं, आणि जनावरांना चारा. चारा कुठल्याच छापील किटमध्ये नसतो, आणि इथं दूध हाच रोजचा पैसा आहे.

स्फिअरची मानकं, म्हणजे आपत्तीत माणसाला निदान किती मिळावं याचे जगभर वापरले जाणारे आकडे, दोघांनी समोर ठेवावीत, माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी, २० जणांमागं एक संडास, झोपायला माणशी साडेतीन चौरस मीटर. २० बाय २५ फुटांच्या शाळेच्या वर्गात या हिशेबानं १३ माणसं बसतात. हे आकडे गावातल्या कार्यकर्त्याला तोंडपाठ असले ना की मोठ्या संस्थेशी बोलणं बरोबरीनं होतं, हात पसरल्यासारखं वाटत नाही.

मीटिंग मराठीत घ्या. हे बारीक वाटेल पण नाही. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानं जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, तिथल्या बैठकीत सगळे मराठीतच बोलतात आणि कामं होतात. मग संस्थांची वेगळी ऑनलाइन मीटिंग इंग्रजीत कशाला? ज्या बाईला गल्ली न गल्ली माहिती असते ती तिथं गप्प बसते, आणि इंग्रजी येणाऱ्याचं मत गावाचं मत म्हणून लिहिलं जातं. इतिवृत्त पण मराठीत, त्याच दिवशी.

आता जी गोष्ट मला सगळ्यात जास्त लागते ती. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुरातनं माणसं बाहेर काढताना बोट उलटली आणि कितीतरी जीव गेले. बाहेरच्या संस्थांचे कर्मचारी धोक्याच्या जागी सहसा नसतात, त्यांच्या सुरक्षेचे नियम कडक असतात आणि ते बरोबरच आहे, पण मग त्या जागी गावातली पोरं जातात, बिना जॅकेटची, बिना विम्याची. करार करताना विचाराच, आमच्या स्वयंसेवकांचा विमा कोण काढणार, लाइफ जॅकेट किती देणार आणि पावसाळ्याआधी देणार का. नाही म्हणाले तर पाण्यातलं काम घेऊ नका, कोरड्या जागेवरचं घ्या. तसंच ऑफिसचं भाडं, फोन, पेट्रोल, हिशेबनीसाचा पगार हा खर्च पण बजेटमध्ये मागा, संकोच करू नका. आणि मोठ्या संस्थांना कळकळीनं सांगते, पूर चालू असताना आमची तयार झालेली पोरं तीन महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर जास्त पगार देऊन उचलू नका. एका छोट्या संस्थेची दोन पोरं अशी गेली आणि तिचं काम भर पुरात थांबलं. हवीच असतील तर त्या संस्थेशी बोलून घ्या.

जाताना काय ठेवून जाणार हे येतानाच लिहून घ्यायचं. बोट, जॅकेटं, पंप कोणाच्या ताब्यात, दुरुस्ती कोण करणार, तक्रार आली तर कोणाला फोन करायचा. यादीची एक प्रत ग्रामपंचायतीत, एक बचत गटाकडं, आणि मे महिना आला की ती परत चावडीवर काढायची, कोण गाव सोडून गेलं, कोणाच्या घरी पाळणा हलला, कोणाची चूल वेगळी झाली ते लिहायचं, आणि त्याच आठवड्यात बाहेरच्या संस्थेच्या माणसाला फोन करून बोलावून घ्यायचं.