गिटार प्रोसेसर इंटरफेसला जोडताना: कुठली केबल, कुठलं बटण, किती लेव्हल

मल्टी-इफेक्ट्स प्रोसेसरमधून (गिटारच्या आवाजाला अनेक इफेक्ट देणारं यंत्र) बाहेर पडलेला सिग्नल गिटारचा राहिलेला नसतो, तो लाइन सिग्नल, म्हणजे बराच ताकदवान, झालेला असतो. गिटार थेट इंटरफेसला (आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारा डबा) लावायची तर 'इन्स्ट' (इन्स्ट्रुमेंट) बटण दाबायचं, हे बहुतेकांना पाठ असतं. मग प्रोसेसर लावतानाही हात सवयीने त्याच बटणाकडे जातो. इथे ते बंद हवं.

गिटारच्या पिकअपचा सिग्नल अशक्त आणि जास्त इम्पिडन्सचा (विद्युत अवरोधाचा) असतो. त्याला साधारण १ मेगाओहमचं इनपुट मिळालं नाही तर ट्रेबल मरतो. प्रोसेसरचं आउटपुट मात्र एक-दोन किलोओहम किंवा त्याहूनही कमी असतं, त्यामुळे लाइन इनपुटचे दहा-वीस किलोओहम त्याला पुरून उरतात. इन्स्टवर राहिलं म्हणून काही जळत नाही, पण ते इनपुट लाइनच्या मानाने लवकर भरतं. गेन (इनपुट वाढवणारा नॉब) पार खाली असूनही क्लिपचा (सिग्नल मर्यादेबाहेर गेल्याचा) लाल दिवा लागत असेल तर आधी हे बटण बघा.

केबल

दुकानात पाव इंची जॅकला पी-३८ म्हणतात, मोनो आणि स्टिरिओ अशा दोन जातींत. प्रोसेसरला 'एल/मोनो' आणि 'आर' अशी दोन वेगळी आउटपुट असतील तर दोन मोनो केबल घ्या. डावी इंटरफेसच्या पहिल्या इनपुटला, उजवी दुसऱ्याला. लांबी तीन मीटरच्या आत ठेवा. आउटपुट बॅलन्स्ड (तोच सिग्नल सरळ आणि उलटा अशा दोन तारांतून पाठवणारं) असल्याचं मॅन्युअलमध्ये लिहिलं असेल तरच टीआरएस केबलचा (दोन्ही टोकांना स्टिरिओ जॅक) फायदा, नाहीतर जास्तीचे पैसे फुकट. मोनो रेकॉर्डिंग पुरेसं असेल तर फक्त 'एल/मोनो'ला केबल लावा. 'आर' मोकळं राहिलं की प्रोसेसर दोन्ही बाजू स्वतःच एकत्र करतो. फोकसराइट स्कारलेट सोलोच्या तिसऱ्या पिढीसारख्या इंटरफेसला जॅकचं इनपुट एकच असतं, तिथे मोनोशिवाय पर्यायच नाही.

खरा फसवा प्रकार छोट्या, स्वस्त प्रोसेसरांत. त्यांना बरेचदा एकच आउटपुट असतं, लाइन आणि हेडफोन दोन्हींसाठी. हा जॅक स्टिरिओ असतो: टोकावर डावा चॅनल, मधल्या रिंगवर उजवा. त्यात टीआरएस केबल घालून दुसरं टोक इंटरफेसच्या बॅलन्स्ड इनपुटला लावलं की इंटरफेस टोकाच्या सिग्नलमधून रिंगचा सिग्नल वजा करतो, कारण बॅलन्स्ड इनपुटचं कामच ते. दोन्ही बाजूंना सारखं असलेलं सगळं, म्हणजे मूळ गिटार, जवळजवळ गायब होतं. मागे उरते ती स्टिरिओ रिव्हर्ब आणि कोरसची पातळ सावली. लोक केबल बदलतात, ड्रायव्हर पुन्हा टाकतात, आणि आवाज तसाच राहतो. इथे एका टोकाला स्टिरिओ जॅक आणि दुसऱ्या टोकांना दोन मोनो जॅक असलेली वाय केबल लागते.

कॉम्बो सॉकेटमध्ये (जॅक आणि माइकचा तीन पिनांचा एक्सएलआर दोन्ही घेणारं) पाव इंची जॅक मधल्या भोकात जातो आणि लाइन इनपुटला लागतो. एका बाजूला जॅक, दुसरीकडे एक्सएलआर अशी केबल वापरू नका. ती माइक प्रीअँपला जाते, तिथे लेव्हल फार वाढते आणि ४८ व्होल्टची फँटम पॉवर (कंडेन्सर माइकसाठी इंटरफेस पुरवतो ती) चालू असेल तर ती प्रोसेसरच्या आउटपुटवर येते. फँटम बंदच असू द्या.

सगळं जोडून झालं की आवाजाचे नॉब खाली करा, आधी प्रोसेसर चालू करा, मग इंटरफेस, शेवटी स्पीकर. बंद करताना उलटा क्रम.

प्रोसेसरमधलं सेटिंग

गिटार अँपच्या स्पीकरमधून साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचं फारसं बाहेर पडत नाही. इंटरफेसला मात्र सगळंच मिळतं, म्हणून कॅबिनेट सिम्युलेशन (अँपच्या स्पीकरच्या पेटीची नक्कल) नसलेलं डिस्टॉर्शन माशी भणभणल्यासारखं ऐकू येतं. बॉस जीटी-१ मध्ये आउटपुट सिलेक्ट 'लाइन/फोन्स'वर हवं. तिथे एखाद्या अँपचं नाव निवडलेलं असेल तर स्पीकर सिम्युलेशन लागू होत नाही. लाइन सिक्सच्या एचएक्स स्टॉम्पमध्ये ग्लोबल सेटिंग्जमध्ये आउटपुट 'लाइन' करा आणि पॅचमध्ये (साठवलेल्या सेटिंगमध्ये) कॅब किंवा आयआरचा (खऱ्या स्पीकरच्या आवाजाची रेकॉर्ड केलेली छाप) ब्लॉक असल्याची खात्री करा. कॉम्प्युटरवर पुन्हा कॅबचं प्लगइन लावायचं नाही. दोन कॅब एकावर एक आल्या की आवाज घोंगडीखाली गाडल्यासारखा होतो.

लेव्हल

प्रोसेसरचा मास्टर व्हॉल्यूम निम्म्याच्या थोडा वर ठेवा आणि बाकीचं काम इंटरफेसच्या गेनवर सोडा. लेव्हल क्लीन पॅचवर लावा, डिस्टॉर्शनवर नाही. डिस्टॉर्शन सिग्नलला दाबून सपाट करतं. तो कानाला मोठा वाटतो, पण मीटरवर क्लीनचा पिकचा पहिला ठोकाच जास्त उंच जातो. जोरात वाजवून शिखरं उणे १२ डेसिबलच्या आसपास आली की पुरे. २४ बिटवर रेकॉर्ड करताना शून्याला चिकटण्याची गरज नाही.

आवाज फाटतोय पण इंटरफेसचा दिवा हिरवाच आहे? वेव्हफॉर्म मोठा करून बघा. शिखरं शून्याच्या बरीच खाली असूनही माथे कापल्यासारखे सपाट दिसत असतील, आणि पॅच क्लीन असेल, तर फाटणं प्रोसेसरच्या आतच होतंय. पॅचमधल्या एखाद्या ब्लॉकची लेव्हल फार वर आहे. ती कमी करा, इंटरफेसच्या गेनला हात लावून काही होणार नाही.

ऐकताना

इफेक्ट प्रोसेसरमध्येच लागलेले असल्याने बफर (कॉम्प्युटर आवाज थोडा साठवून पुढे पाठवतो तो, मोठा असला की उशीर वाढतो) लहान ठेवण्याचा आटापिटा नको. इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटर (आत येणारा आवाज कॉम्प्युटरमधून न जाता थेट ऐकवणारं) चालू करा, आणि सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद करा. दोन्ही चालू राहिलं तर तोच सूर दोनदा, किंचित उशिराने येतो आणि फ्लँजर लावल्यासारखं पोकळ ऐकू येतं. डायरेक्ट मॉनिटरला मोनो-स्टिरिओ असे पर्याय असतील तर स्टिरिओ निवडा, नाहीतर पिंगपाँग डिले मधोमधच ऐकू येत राहील. ट्रॅकचं इनपुट 'स्टिरिओ १/२' घ्या. विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीचाच एएसआयओ (आवाज कमी उशिराने नेणारा) ड्रायव्हर वापरा.

घरघर

आधी लॅपटॉपचा चार्जर काढा. घरघर थांबली तर ग्राउंड लूप किंवा चार्जरचा गोंगाट आहे. प्रोसेसर, लॅपटॉप आणि स्पीकर एकाच एक्सटेन्शन बोर्डवर आणा. जुन्या इमारतीत सॉकेटला तिसरं भोक असतं पण मागे अर्थची तारच नसते, तेव्हा इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्या. प्लगची अर्थ पिन मोडण्याचा सल्ला कुणीही दिला तरी ऐकू नका, जीवाशी खेळ आहे. तरीही घरघर गेली नाही तर ग्राउंड लिफ्ट (सिग्नल केबलची ग्राउंड तोडणारं बटण) असलेला डीआय बॉक्स (सिग्नल माइक इनपुटजोगा करणारा डबा) मध्ये घाला आणि तेवढ्यापुरतं माइक इनपुट वापरा. गिटार फिरवली की घरघर कमीजास्त होत असेल तर दोष केबलचा नाही, सिंगल कॉइल पिकअपचा आहे. स्क्रीन आणि ट्रान्सफॉर्मरपासून लांब बसा.

सुका ट्रॅक

टोन नंतर बदलावासा वाटेल अशी शंका असेल तर इफेक्ट नसलेला सुका ट्रॅकही घ्या: गिटारनंतर लगेच बफर (सिग्नल सावरणारं सर्किट, वरचा कॉम्प्युटरचा बफर नव्हे) असलेला स्प्लिटर लावा. एक फाटा इंटरफेसच्या पहिल्या इनपुटला (इथे इन्स्ट चालू), दुसरा प्रोसेसरमधून मोनो होऊन दुसऱ्या इनपुटला, लाइनवर. त्यासाठी इन्स्टचं बटण प्रत्येक चॅनलला वेगळं असलेला इंटरफेस हवा. साध्या वाय केबलने दोन्ही इनपुटांचा भार पिकअपवर पडतो आणि ट्रेबल थोडा जातो. प्रोसेसर डिजिटल असल्याने त्याचा ट्रॅक काही मिलिसेकंद मागे पडतो, त्यामुळे मिक्समध्ये दोन्ही एकत्र वाजवायचे असतील तर वेव्हफॉर्म मोठे करून पहिले ठोके जुळवून घ्या, नाहीतर सुका ट्रॅक म्यूट ठेवा.