कोकणात राहून जुनं छोटं विमान घ्यायचंय? रंग नको, आधी पत्रा बघा

कितीला पडेल, हाच सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो आणि खरं सांगायचं तर तोच सगळ्यात कमी कामाचा. विमान घेताना एकदा पैसे जातात, पण नंतर हँगर, विमा, इंजिनिअर, ॲवगॅस (म्हणजे या विमानांचं पेट्रोल) आणि कधीतरी इंजिनाचं ओव्हरहॉल, म्हणजे पूर्ण उघडून दुरुस्ती, हे सगळं खिसा मोकळा करत राहतं. सेसना १७२ या चार सीटच्या विमानाच्या साध्या इंजिनाचं ओव्हरहॉल अमेरिकेतसुद्धा पंचवीस-तीस हजार डॉलरच्या पुढं जातं, म्हणजे स्वस्तात मिळालेलं विमान दोन वर्षांत दुपटीला पडू शकतं. म्हणून दोन-तीन घरांनी मिळून घेतलेलं बरं, फक्त कोण कधी उडवणार आणि मोडलं तर कोण भरणार हे नात्यातले असलात तरी स्टॅम्पपेपरवर लिहून घ्या, कोकणात सामायिक जमिनीचं काय होतं ते वेगळं सांगायला नको.

लायसन नसेल तर आधी ते. डीजीसीएचं (विमान वाहतुकीचं सरकारी खातं) प्रायव्हेट पायलट लायसन वयाच्या १७ व्या वर्षापासून मिळतं, किमान ४० तास उडवावं लागतं, क्लास २ मेडिकल लागतं, परीक्षा द्याव्या लागतात. आणि या लायसनवर भाडं घेता येत नाही हे घरातल्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर गणपतीला मुंबईच्या चाकरमान्यांना सीट विकून खर्च काढू म्हणणारा एक तरी मामा निघतोच. तसंही गणपती येतात भाद्रपदात, तेव्हा ढग डोंगराला टेकलेले असतात आणि डोळ्यांनी बघून उडवणाऱ्याने जमिनीवरच राहायचं. तुमचं कोकणातलं उडणं दिवाळी ते मे, शिमगा धरून, एवढंच समजा.

आता वजन. चार सीट आहेत म्हणजे चार माणसं आणि फुल टाकी असं होत नाही, इथंच फॅमिलीवाले फसतात. सेसना १७२एन (१७२ चंच एक मॉडेल) चं कमाल उड्डाण वजन १०४३ किलो, रिकामं विमान रेडिओ-बिडिओ धरून समजा ६७० किलो भरलं तर हातात ३७३ किलो राहतात. ऐंशी-ऐंशी किलोचे चार जण बसले की ३२० गेले, उरलेल्या ५३ किलोत साधारण ७३ लिटर ॲवगॅस, तासाला तीसेक लिटर जातं, म्हणजे सव्वादोन-अडीच तास, त्यातला राखीव अर्धा तास काढा आणि बॅग तर अजून ठेवलेलीच नाही. उलट आई-बाबा आणि शाळेतली दोन पोरं मिळून २३५, वर वीस किलो सामान, तरी पूर्ण टाकी भरून निघता येतं. चिपी (सिंधुदुर्गचा विमानतळ) ते मुंबई हवेतून सुमारे साडेतीनशे किलोमीटर, हे विमान तासाला १९०-२०० ने जातं, त्यामुळं या घराला १७२ पुरतं आणि धिप्पाड मेहुण्यांच्या घराला पुरत नाही. मात्र रिकामं वजन माहितीपत्रकातलं धरू नका, त्याच विमानाच्या ताज्या वजनाच्या रिपोर्टातलं मागा.

सेसना की पायपर यावर लोक रात्रभर भांडतात. माझं मत सेसना १७२: पंख वर, खालचा किनारा, खाड्या, सडे सगळं दिसतं, सावली मिळते, दोन्ही बाजूला दार. पायपरच्या चेरोकीला एकच दार, तेही उजवीकडं, आणि आत जायला पंखावर चढावं लागतं, नऊवारीतल्या आजीला ते कसं करायला लावणार? पेट्रोलचंही बघा, १७२ ला दोन्ही टाक्यांतून एकदम घेता येतं, चेरोकीत डावी-उजवी आठवणीने बदलावी लागते. पण चेरोकी स्वस्तात आणि चांगल्या अवस्थेत मिळाली तर नाही म्हणू नका.

आता मुद्द्याची गोष्ट, गंज. आपल्याकडची खारी हवा गाडीचं काय करते ते माहितीय, तर विमानाचा पत्रा ॲल्युमिनियमचा आणि पातळ. १९७० च्या दशकातल्या बऱ्याच सेसनांना आतून प्रायमरच मारलेला नसायचा, कारखान्यातून तो वेगळे पैसे देऊन घ्यावा लागायचा. वरून चकचकीत रंग, आत पांढरी भुकटी. तपासणीला स्वतःचा माणूस न्या, मालकाचा नाही, आणि दिवसभराचा वेळ काढा. एका ओळखीच्या मालवणी मेकॅनिककाकांबरोबर मी असं विमान बघायला गेलो होतो, मालकाचा पोरगा उत्साहात, काका रंग बघा ना, गेल्या वर्षीच केलाय, तर हे चष्मा पुसत म्हणाले, "रंग रवांदे रे बाबा, आधी पॅनल उघड." पंखाखालच्या तपासणीच्या झाकणांचे स्क्रू काढले तेव्हा दोन स्क्रूंची डोकीच गंजून गेलेली, आत बॅटरीचा उजेड टाकून छोटा आरसा फिरवला तर रिबच्या (पंखातल्या आडव्या फासळीच्या) कडेला मिठासारखा थर. काकांनी नखानं खरवडलं, थर निघाला आणि खाली खड्डा. तिथंच विषय संपला, चहा घेऊन परत आलो.

कुठं कुठं बघायचं: बॅटरीचा डबा, गालिच्याखालचा पत्रा, पोटाचा भाग जिथं पाणी साचतं, पंखाच्या मुळाशी स्पार (पंखाचा मुख्य कणा), शेपटीकडच्या हलणाऱ्या पट्ट्या (सेसनाच्या काहींत आत फोम असतो आणि तो ओल धरतो), कंट्रोलच्या केबली. रंगाखाली नागमोडी रेघा दिसल्या तर तो वरवरचा गंज, बऱ्याचदा दुरुस्त होतो, पण पत्रा पापुद्र्यासारखा सुटत असेल तर ते जाड भागात आत शिरलेलं असतं, अशा विमानाला हात लावू नका, कितीही कमी केले तरी. अमेरिकेतून आणत असाल तर फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरच्यापेक्षा ॲरिझोनाच्या कोरड्या हवेतलं बघा.

इंजिनाला न उडणं जास्त मारतं. या विमानांच्या लायकमिंग इंजिनाचा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) वरच्या बाजूला असतो, विमान महिनोन्महिने उभं राहिलं की त्यावरचं तेल ओघळून जातं आणि तो गंजतो. कंपनी ओव्हरहॉलसाठी २००० तास किंवा १२ वर्षं म्हणते, त्यामुळं "फक्त ६०० तास झालेत" हे ऐकून खूश होऊ नका, ते ६०० तास किती वर्षांत झाले ते विचारा. १९७७ ते १९८० च्या १७२एन मधलं एच२एडी इंजिन कॅम-टॅपेटच्या झिजेसाठी बदनाम आहे, तिथं जास्त खोदून विचारा. ऑइल फिल्टर कापून आतली घडी उलगडून चमकणारे कण बघायचे, कॉम्प्रेशन ८० पैकी किती येतं ते मोजायचं, बोरोस्कोपने (आत घालायच्या बारीक कॅमेऱ्याने) व्हॉल्व्ह बघायचे. प्रॉप (पुढचा पंखा) कधी जमिनीला लागला होता का हेही विचाराच, लागला असेल तर इंजिन उघडून तपासल्याचा कागद हवा.

कागद म्हणजे तीन लॉगबुकं, सांगाडा, इंजिन, प्रॉप. मधली चार-पाच वर्षं गायब असतील तर भाव पाडायचा नाही, उठून यायचं. एअरवर्दीनेस डायरेक्टिव्ह, म्हणजे एडी, हे सरकारी सक्तीचे तपासणी-दुरुस्तीचे आदेश, त्यातल्या किती पूर्ण झाल्यात त्याची यादी मागा. सेसनाच्या सीटच्या रुळाची एडी जरूर बघा, रूळ झिजले तर टेकऑफला पायलटची सीट मागं सरकते आणि हातातलं स्टिअरिंगही मागं ओढलं जातं. पायपरमध्ये २०१८ साली डेटोना बीचला ट्रेनिंगच्या ॲरोचा पंख हवेत तुटला, त्यानंतर बऱ्याच पीए-२८ ना (चेरोकी आणि ॲरो याच कुळातल्या) पंखाच्या स्पारच्या बोल्टभोकांची एडी-करंट तपासणी (विजेच्या प्रवाहाने भेगा शोधायची, वरच्या एडीशी नावापुरतं साम्य) सक्तीची झाली. भारतातलं विमान असेल तर व्हीटी नंबर (भारतीय नोंदणीचा नंबर), रजिस्ट्रेशनवर बँकेचा बोजा आहे का, एआरसी (विमान उडण्यालायक असल्याचा तपासणीचा दाखला) चालू आहे का, हे बघा. बाहेरून आणताना डीजीसीएची परवानगी हातात येईपर्यंत टोकनसुद्धा देऊ नका, विमानाच्या वयावरून अडतं. पंख काढून कंटेनरमधून आणलं तर पुन्हा जोडायला मान्यताप्राप्त माणसं कुठून आणणार ते आधी ठरवा.

ॲवगॅसचंही तसंच. २०२२ मध्ये इंडियन ऑइलने वडोदऱ्याला बनवायला घेतलं, त्याआधी सगळं बाहेरून यायचं, पण तुमच्या विमानतळावर मिळतं का ते फोन करून विचारा. पंपावरचं पेट्रोल टाकायचा विचार मनातून काढा, त्यात इथॅनॉल असतं.

ठेवायचं कुठं? चिपी ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालं, रत्नागिरीचा विमानतळ कोस्ट गार्डकडं आहे. जागा मिळाली तरी माझं सांगणं, जूनपासून चार महिने विमान घाटावर हलवा, एखाद्या कोरड्या हँगरमध्ये, तिथून उडवत राहा. किनाऱ्यावर ठेवलंच तर गोड्या पाण्याने धुवायचं, आतून एसीएफ-५० सारखं गंजरोधक मारून घ्यायचं, आणि रोज निघताना टाकीच्या खालून पेट्रोल काढून त्यात पाणी आहे का बघायचं, १००एलएल, म्हणजे नेहमीचं ॲवगॅस, निळं असतं आणि पाणी खाली बसतं. समुद्राकाठाने उडताना लाइफजॅकेट अंगात, डिकीत नाही.

सौदा करताना बयाणा द्या, पण तपासणीत गंज किंवा न झालेली एडी निघाली तर पैसे परत, आणि तपासणीचा खर्च तुमचा, हे दोन्ही लिहून. विकणारा यालाच नाही म्हणत असेल तर दुसरं विमान बघा. बाकीचे पैसे लॉगबुकं हातात आल्यावर, त्याआधी नाही.